कवीचे डोके की गणिताचे?

शेजारच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला आणि घरात आनंदापेक्षा वादच जास्त झाला. गणितात उत्तम गुण असूनही तिला बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचे होते. वडील म्हणाले, ‘‘तो विषय कल्पनेत रमणाऱ्यांचा. तुझे डोके हिशेबी, ते वाया कशाला घालवतेस?’’ आईचे म्हणणे नेमके उलटे. ‘‘ही कविता करणारी पोर. तिथे म्हणे सगळा कोरडा तर्क. हिला झेपेल का?’’

शेवटी तक्रार माझ्याकडे आली. ‘‘वहिनी, तुम्हीच समजवा हिला.’’

मी तिलाच विचारले, ‘‘तुला हाच विषय का हवा?’’

थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘काकू, आजी आता मला ओळखत नाही. परवा म्हणाली, तू कुणाची गं? सगळे म्हणतात, ती आता पूर्वीची आजी राहिलीच नाही. मग मी रोज जिची वेणी घालते, ती कोण?’’

क्षणभर कुणालाच काही बोलता आले नाही.

तिला ठाऊक नव्हते, पण हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, पाळण्यातले बाळ आणि आजचा राजा एकच का? राजा म्हणतो, नाही, वेगळे. मग त्या बाळाची आई वेगळी आणि राजाची आई वेगळी का? गुन्हा करणारा एक आणि शिक्षा भोगणारा दुसराच का? राजा अडतो, तेव्हा नागसेन दिव्याचे उदाहरण देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नव्हे. पण म्हणून दिवे दोन होते, असेही म्हणता येत नाही.

इंग्लंडच्या जॉन लॉकने १६९४ साली याच प्रश्नावर वेगळे उत्तर दिले. समजा, एखाद्या राजपुत्राच्या साऱ्या आठवणी मोच्याच्या देहात गेल्या, तर तो माणूस कोण? लॉकच्या मते राजपुत्रच. म्हणजे माणूस ओळखायचा तो त्याच्या आठवणींवरून. या मापाने पाहिले, तर ती आजी आजी उरत नाही.

पुढे १७८५ साली स्कॉटलंडच्या थॉमस रीडने हे माप तपासून पाहिले. एका मुलाने फळबागेत चोरी केली म्हणून फटके खाल्ले. तरुणपणी त्याने लढाईत शत्रूचा झेंडा हिसकावला, तेव्हा त्याला ते फटके आठवत होते. म्हातारपणी तो सेनापती झाला. त्याला झेंडा आठवतो, पण फटके आठवत नाहीत. सेनापती म्हणजे तोच तरुण आणि तरुण म्हणजे तोच मुलगा; मग सेनापती तो मुलगा नाही, असे कसे म्हणायचे? म्हणजे निव्वळ आठवणीवर माणूस ठरत नाही.

आता सांगा, यात कवी कोण आणि गणिती कोण? लॉकला आपले म्हणणे मांडायला गोष्ट लागली आणि त्यातली चूक दाखवायला रीडलाही गोष्टच रचावी लागली. गोष्ट नसती तर तपासायला काही नव्हते आणि तपासले नसते तर ती नुसती गोष्टच राहिली असती. एकाच डोक्यात हे दोन्ही मावते. आपल्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘नैषधीयचरित’ हे महाकाव्य लिहिले आणि ‘खंडनखंडखाद्य’ हा काटेकोर तर्काचा ग्रंथही लिहिला.

पुढे पोटापाण्याचे काय, ही वडिलांची चिंता खोटी नाही. तिचा विचार जरूर व्हावा, पण तो वेगळा. मुलाच्या डोक्यावर ‘कल्पक’ किंवा ‘हिशेबी’ असा शिक्का मारून वाट बंद करण्यात शहाणपणा नाही. पाहायचे ते एवढेच : प्रश्न त्याचा पिच्छा सोडत नाही ना? आणि स्वतःला सुचलेले, आवडलेले उत्तर चुकीचे ठरले, तर ते सोडून देण्याची त्याची तयारी आहे ना?

मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे आठवण गेली तरी आजी आजीच?’’

मी म्हटले, ‘‘लॉकचे उत्तर पुरे पडत नाही, एवढेच रीडने दाखवले. पुरे पडेल असे उत्तर कोणते, ते तुला शोधायचे आहे.’’

आजीच्या औषधाची वेळ झाली होती. त्या दिवशी ते द्यायला वडील स्वतः उठले.

आपल्या घरातही असे प्रश्न विचारणारे मूल असेल. त्याचे डोके कोणत्या जातीचे, हे ठरवण्याआधी त्याचा प्रश्न एकदा पुरता ऐकून घ्या.