निमजचे नामदेव जाधव ज्यांच्या फौजेशी लढले, त्या जर्मन सेनापतींचं पुढे काय झालं?

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की आपल्या फोनवर आधी हिवरे बाजारचे व्हिडिओ येतात. याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, निमज नावाचं गाव आहे. तिथले नामदेव जाधव १९४५ साली इटलीत जर्मनांशी लढत होते.

९ एप्रिलला सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा जबर मारा झाला. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन शत्रूच्या तीन मशीनगन एकट्याने बंद पाडल्या. हात जखमी झाला, बंदूक चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते. समोरच्या सेनापतींची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

मार्च १९४५ पर्यंत इटलीतल्या जर्मन फौजेचा प्रमुख होता फील्ड मार्शल केसेलरिंग. मार्च १९४४ मध्ये रोममध्ये बॉम्बहल्ल्यात ३३ जर्मन पोलीस मेले. एका जर्मनामागे दहा इटालियन मारा, असा हुकूम निघाला आणि आर्देआतीने गुहांमध्ये ३३५ जणांना गोळ्या घातल्या. म्हणजे त्यांच्या क्रूर हिशोबापेक्षाही पाच जास्त! जूनमध्ये केसेलरिंगने आपल्या अधिकाऱ्यांना कळवलं की, बंडखोरांविरुद्ध कुणी जरा जास्तच कठोर वागला तर मी त्याला पाठीशी घालीन. त्यानंतरच्या काही महिन्यांत सांतान्ना आणि मार्झाबोत्तो भागात बायका-मुलांसह शेकडो गावकरी मारले गेले.

सेनापतीने स्वतः गोळी झाडली नव्हती. मग दोषी कसा? ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे १९४७ साली हाच प्रश्न होता. न्यायालयाने हुकूम देणाऱ्यालाच जबाबदार धरलं आणि ६ मे रोजी मृत्युदंड सुनावला.

पण फाशीही नाही, गोळीही नाही. चर्चिल आणि इटलीत त्याच्याविरुद्धच लढलेले सेनापती अलेक्झांडर यांनी शिक्षेला विरोध केला. मृत्युदंडाची जन्मठेप झाली, नंतर ती २१ वर्षांवर आली आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये केसेलरिंग सुटला. तोवर रशियाविरुद्ध पश्चिम जर्मनीचं सैन्य पुन्हा उभं करायचं घाटत होतं. जुन्या सेनापतींना तुरुंगात ठेवून ते जमणार कसं?

जाधव लढले तेव्हा केसेलरिंगच्या जागी फीटिंगहॉफ आला होता. त्याच्यावर तर खटलाच चालला नाही. उलट १९५० साली नव्या जर्मन सैन्याचा आराखडा करणाऱ्या बैठकीला तो हजर होता.

इटलीनेही फार जोर लावला नाही. युगोस्लाव्हिया आणि ग्रीसमध्ये तिच्याच सैनिकांवर असे आरोप होते. दुसऱ्याला मागायचं तर आपलेही द्यावे लागले असते. १९९४ साली रोममध्ये लष्करी वकिलांच्या कार्यालयात, दार भिंतीकडे फिरवून ठेवलेलं एक कपाट सापडलं. आत ६९५ फायली होत्या. त्यातून पुढे खटले उभे राहिले आणि २००७ मध्ये मार्झाबोत्तोसाठी दहा जणांना जन्मठेप झाली. आरोपी तोवर म्हातारे झाले होते, आणि कोर्टात गैरहजर.

आज आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाने पुतिन (२०२३) आणि नेतान्याहू (२०२४) यांच्यावर वॉरंट काढलं की कमेंटमध्ये लोक विचारतात, 'मग अटक का नाही?' या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. अटक सदस्य देशांनीच करायची असते आणि ते आधी आपली सोय बघतात. भारत तर सदस्यच नाही.

भरपाईचंही तसंच. एका देशाच्या कोर्टात दुसऱ्या देशाकडून अशी भरपाई मागता येत नाही, असा निकाल २०१२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जर्मनीच्या बाजूने दिला. शेवटी २०२२ मध्ये पीडितांसाठी निधी काढला तो इटलीने, स्वतःच्या तिजोरीतून.