गिऱ्हाईक फक्त रेट बघतं, कारण आपण फक्त रेटच लिहितो



"सर, गिऱ्हाईक फक्त रेट बघतं. क्वालिटीला कोण विचारतंय?" दर बॅचमध्ये हे वाक्य एकदा तरी ऐकायला मिळतंच. आधी मीही मान डोलवायचो. माझंही मिक्सर, शेगड्यांचं दुकान आहे, घासाघीस करणारी माणसं मलाही रोज भेटतात. पण गेल्या वर्षी मी स्वतः गिऱ्हाईक झालो, पंचाहत्तर हजारांच्या कामाचं. तेव्हापासून हे वाक्य मला पटत नाही. का, ते सांगतो.

आमचं कोल्हापुरातलं घर १९९४ सालचं. सगळ्या खिडक्या लाकडी. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, पल्ले बंद व्हायचे नाहीत. दोन चौकटींना वाळवी लागली होती. आई म्हणाली, "यंदा पावसाआधी खिडक्या बदलून टाक." ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लावायचं ठरलं. एकूण सात.

मी तीन ठिकाणी चौकशी केली. तिघांनीही व्हॉट्सॲपवर रेट पाठवला. एकाचा ७५० रुपये स्क्वेअर फूट, दुसऱ्याचा ६८०, तिसऱ्याचा ६००. खाली "सर्व इन्क्लुडिंग" आणि हात जोडल्याचं चित्र. बाकी काही नाही. आता सांगा, मी कुठला निवडला असेल? बीबीए केलेला, लोकांना धंदा शिकवणारा माणूस मी. ६०० वाला निवडला!

दहा मिनिटांत टेप लावून मापं घेतली, ४५ हजार ॲडव्हान्स घेतला. अर्धे कॅश, अर्धे यूपीआय. मे महिन्याच्या शेवटी खिडक्या बसल्या. दिसायला झकास. राहिलेले तीस हजार मी त्याच संध्याकाळी देऊन टाकले.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि पश्चिमेकडच्या तिन्ही खिडक्यांतून पाणी आत. आईच्या खोलीत गादीपर्यंत. ती रात्री दोन वाजता चौकटीला टॉवेल लावत बसली होती. फोन केला तर आधी "उद्या माणूस पाठवतो", मग "परवा", मग फोन उचलणंच बंद. आई एवढंच म्हणाली, "अरे, तू लोकांना धंदा शिकवतोस ना?"

हे वाक्य मला पंचाहत्तर हजारांपेक्षा जास्त लागलं.

दुसरा माणूस कसा वेगळा होता?

मग ओळखीतून एक तरुण फिटर मिळाला. स्वतःचं छोटं वर्कशॉप, हाताखाली दोन पोरं. फोनवर रेट विचारला तर म्हणाला, "दादा, बघितल्याशिवाय सांगत नाही." आला तो ओळंबा, गुण्या आणि पाणसळ घेऊन. प्रत्येक खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली. उंचीही तीन ठिकाणी. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही तिरकी मापं घेतली. दोन्ही सारखी आली तरच चौकट गुण्यात. नाही आली तर पल्ला कितीही चांगला असू दे, तो नीट मिटणार नाही.

नंतर त्याने आईला खुर्ची दिली आणि तिलाच समजावून सांगितलं. "काकू, स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते बाहेर जायला भोकं लागतात. तुमच्या ट्रॅकला ती भोकं सिमेंटने बुजलीत. दुसरं, खालच्या कट्ट्याला उतार बाहेर पाहिजे, तुमचा आत आहे. तिसरं, भिंत आणि चौकट यांच्यातली फट आतून व्हाईट सिमेंटने भरलीय, बाहेरून सीलंटच मारलेलं नाही."

मी धरूनच चाललो होतो की आता हा म्हणणार, सगळ्या काढा, नव्या बसवा. तो म्हणाला, "चार खिडक्यांना हात लावायची गरज नाही. दोन दुरुस्त होतात. एकीची चौकटच गुण्यात नाही, तेवढी नवी करू." चौदा हजारांत काम झालं.

मला पटलेला पहिला मुद्दा हा. जो माणूस तुम्हाला काय लागत नाही हे सांगतो, त्याने 'हे लागेल' म्हटल्यावर विश्वास बसतो. त्या दिवशी तो मला सात खिडक्या सहज विकू शकला असता. त्याने एक विकली. त्यानंतर मी त्याला आमच्या गल्लीतली तीन घरं मिळवून दिली.

कागदावर काय होतं?

दुसरा मुद्दा त्याच्या कोटेशनचा. एकच पान, पण त्यात काय नव्हतं! सेक्शनची जाडी किती मिलिमीटर, पावडर कोटिंग कुठल्या रंगाचं, काच किती मिलिमीटर आणि साधी की टफन्ड, ट्रॅक दोन की जाळीसकट तीन, लॉक आणि रोलर कुठले, सीलंट आतून-बाहेरून दोन्हीकडे. जुनी चौकट कोण काढणार, गिलावा फुटला तर कोण भरून देणार, राडारोडा कोण उचलणार. आणि शेवटी, "फिटिंग झाल्यावर पाइपने पाणी मारून दाखवणार. गळती झाल्यास एक वर्षात विनामूल्य दुरुस्ती, चार दिवसांच्या आत."

हे वाचल्यावर मी पहिल्या कामाचा हिशोब काढला. माझ्या खिडकीचं खरं माप ४६ इंच बाय ५२ इंच, म्हणजे १६.६ स्क्वेअर फूट. त्याने धरलं चार बाय साडेचार फूट, म्हणजे १८. सात खिडक्यांचा फरक साधारण ९.७ स्क्वेअर फूट, ६०० च्या रेटने जवळपास ५,८०० रुपये. माप वर धरायची पद्धत या धंद्यात असते, कारण कापताना माल वाया जातो. ते चूक नाही. न सांगणं चूक. तेव्हा माझा '६०० चा रेट' खरं तर ६५० होता, आणि मी मात्र ८० रुपये वाचवल्याच्या आनंदात होतो.

आता मूळ वाक्याकडे या. "गिऱ्हाईक फक्त रेट बघतं." अहो, तीन कोटेशनांत रेटशिवाय काही लिहिलेलंच नसेल तर ते दुसरं काय बघणार? मला सेक्शनच्या जाडीतलं काय कळत होतं? काहीच नाही. मला आकडे तेवढे तुलना करता आले. दोष माझाही होता, मी विचारलं नाही. पण ७५० वाला कदाचित सगळ्यात चांगलं काम करणारा असेल, आणि त्याने ते कुठेच लिहिलं नाही. तो आज कुठेतरी म्हणत असेल, "क्वालिटीला कोण विचारतंय?"

गिऱ्हाईक म्हणून तपासा, मालक म्हणून तयार ठेवा

खिडक्या बदलायच्या असतील तर हे विचारा. आणि तुमचा धंदा कुठलाही असो, फर्निचर, सोलर, वॉटरप्रूफिंग, केटरिंग, गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी याची उत्तरं तयार ठेवा.

१. जुनं काम दाखवा. फोटो नको, पत्ता सांगा. नुकतं बसवलेलं घर नको, किमान एक पावसाळा झेललेलं दाखवा. तिथे जाऊन घरमालकाला एकच प्रश्न विचारा: "काम झाल्यावर बोलावलं तेव्हा आला का?"

२. जीएसटी नंबर असेल तर तो तपासा. १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. छोट्या फिटरकडे नंबर नसेल म्हणून तो फसवा ठरत नाही, ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नसते. पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावत असेल, तर तिथूनच परत फिरा.

३. माप घेणारा आणि बसवणारा एकाच जबाबदारीखाली आहे का? नाहीतर चूक झाली की एक म्हणतो माप चुकलं, दुसरा म्हणतो फिटिंग चुकलं, आणि पाणी तुमच्या घरात.

४. पैशाचे टप्पे लिहून घ्या. इथे मी फिटरच्या बाजूनेही बोलणार. खिडकी तुमच्या मापाने कापलेली असते, तुम्ही नाही म्हटलं तर ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. म्हणून ॲडव्हान्स मागणं रास्तच आहे. माझ्या मते पक्की मापं झाल्यावर ५० टक्के, फिटिंगला ४० आणि पाण्याची चाचणी झाल्यावर १० टक्के हे दोघांनाही परवडतं. पण शेवटचे १० टक्के कधी द्यायचे, ती तारीखही लिहा. "बघू नंतर" म्हणत छोट्या फिटरचे पैसे बुडवणारी गिऱ्हाइकंही कमी नाहीत.

५. बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेत त्रुटी असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही बोलता येतं. व्हॉट्सॲपचे मेसेज, यूपीआयची नोंद दाखवता येते. पण माझ्या मेसेजमध्ये होतं काय? "सर्व इन्क्लुडिंग." गळती त्यात येते की नाही, यावर मी काय भांडणार होतो?

आता माझ्या दुकानाबद्दल

हे सगळं लिहून मी शहाणा ठरलो असतो. पण त्याच जुलैमध्ये एक मावशी दुकानात आल्या. मिक्सर बंद पडला होता. म्हणाल्या, "तूच म्हणालास ना, दोन वर्षं बघायला नको?" कंपनीची वॉरंटी मोटरवर होती आणि बिघाड जारच्या कपलरचा. बिल मागितलं तर त्यांच्याकडे माझ्याच हातची कच्ची चिठ्ठी. त्यावर फक्त रक्कम.

मी त्या चिठ्ठीकडे बघत राहिलो. तो ६०० वाला आणि मी, फरक किती होता?

कपलर बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बिलामागे चार ओळी छापून घेतल्या: वॉरंटी कशावर, किती दिवस, कशावर नाही, बिघडल्यास कुणाला फोन करायचा. आणखी एक केलं. किंमत ठरवताना विक्रीनंतरच्या फेऱ्यांचे पैसे आधीच धरायला लागलो. माझं ठाम मत आहे की फोन न उचलणारे बरेचसे लोक मुळात लबाड नसतात. त्यांनी रेट इतका खाली आणलेला असतो की परत यायला पेट्रोलचेही पैसे उरत नाहीत. म्हणून सांगतो, परत येण्याचा खर्च ज्या रेटमध्ये धरलेला नाही, तो रेट देऊच नका. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

"असं लिहून दिलं तर गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून भांडेल," असं तुमच्यातले काही जण म्हणतील. भांडेल की! माझ्याशीही दोघे भांडले. पण कशावर भांडायचं हे ठरलेलं असल्यामुळे पाच मिनिटांत मिटलं. तोंडी शब्दावरचं भांडण गल्लीभर होतं.

या आठवड्याचं काम

तुमचं शेवटचं कोटेशन किंवा बिल काढा. त्यातली रक्कम बोटाने झाका. आता उरलेलं वाचून तुम्ही स्वतः तुम्हाला काम दिलं असतं का? उत्तर "नाही" असेल तर आजच बसा आणि तीन गोष्टी त्यात वाढवा: काय देणार, काय देणार नाही, आणि बिघडलं तर किती दिवसांत येणार. लिहिलेलं पाळायला जमेल एवढंच लिहा. चार दिवस जमत नसतील तर आठ लिहा.

यंदा जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा त्या फिटरचा आपणहून फोन आला. "काकूंच्या खोलीत पाणी नाही ना आलं?" मी आईला विचारायला गेलो. ती गाढ झोपली होती.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, आणि लिहून करा!