घरचे मुके सोबती : मादी शॅमेलिऑनची निगा

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे धाकटे दीर हैदराबादेस नोकरीला होते. परदेशी जाताना त्यांनी आपल्याजवळची येमेनी शॅमेलिऑन सरड्याची मादी पिंजऱ्यासह भावजयीच्या स्वाधीन केली. ‘ती एक वर्षाची आहे. नर तिने कधी पाहिलेला नाही, तरी तिचे पोट फुगले आहे. चार दिवस झाले, अन्नाला तोंड लावीत नाही आणि पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालून सारखी खरवडत असते. सासूबाई म्हणतात, घरात जीव जाण्यापेक्षा तिला रानात सोडून द्यावे. काय करावे?’ असे त्या विचारतात. प्रश्न निकडीचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो आणि घर, अन्न, पाणी यांचा विचार मागाहून करतो.

भगिनी, तुमच्या या पाहुणीला बहुधा अंडी घालावयाची आहेत. ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. कोंबड्यावाचून कोंबडी अंडी घालतेच. फक्त त्यांतून पिल्लू निघत नाही. येमेनी शॅमेलिऑनच्या मादीचेही तसेच आहे. सहाएक महिन्यांची झाली की नर असो वा नसो, तिच्या पोटात अंडी धरू लागतात. एका वेळी वीसपासून सत्तरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक. मात्र कोंबडी टोपलीत बसून मोकळी होते, तशी ही होत नाही. हिला ओलसर, खणता येईल अशी जमीन हवी. ती न मिळाल्यास ती अंडी पोटातच धरून ठेवते, अंडी आत अडकतात आणि मादी दगावते. पाळलेल्या माद्या अकाली मरण्याचे हे एक मोठे कारण आहे. तिचे खरवडणे म्हणजे जागेचा शोध होय.

तेव्हा हे वाचून होताच एक खोल डबा किंवा पसरट बादली घ्यावी. लांबी-रुंदी वीतभराहून अधिक, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर असावी आणि खोलीही तेवढीच. तीत नदीची धुतलेली बारीक वाळू, किंवा वाळू व खत-औषध न घातलेली माती मिसळून भरावी. ओलावा इतकाच असावा की मूठ वळली असता ती टिकेल, पण पिळली असता पाणी गळणार नाही. बोटाने तिरपे भोक पाडून पाहावे. ते ढासळले नाही म्हणजे मिश्रण जमले. डबा पिंजऱ्यात ठेवून त्यात उतरावयास एक फांदी लावावी.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे आणि ते म्हणजे काहीच न करणे. ही मादी खणत असताना कोणी पाहते आहे असे तिला वाटले, तर ती बीळ अर्धवट टाकून वर येते. एक-दोनदा असे झाले की पुन्हा उतरावयास धजत नाही. म्हणून पिंजऱ्यावर पातळ कापड टाकावे, त्यास एक लहानसे छिद्र ठेवून दुरूनच पाहावे आणि मुलाबाळांना त्या खोलीत गलका करू देऊ नये. ती तळापर्यंत खणते, मग तोंड फिरवून अंडी घालते, माती लोटून बीळ बुजविते आणि वर येते. यास एक दिवस, क्वचित दोन दिवस लागतात. वर आल्यावर ती मळलेली, रोडावलेली व तहानलेली असते. तिला भरपूर पाणी द्यावे आणि पुढे आठवडाभर रोज खाऊ घालावे. अंडी उकरून काढून टाकावीत. पूर्वी कधी नराशी संबंध आला असेल तर मात्र पुढल्या खेपेची अंडीही फलित असू शकतात. कारण मादी नराचे बीज शरीरात साठवून ठेवते.

धोक्याची लक्षणे ध्यानात ठेवावीत. दिवसा डोळे मिटणे, डोळे खोल जाणे, पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडणे, फांदीवरून पकड सुटणे, किंवा अनेक दिवस खणूनही अंडी न घालणे, यांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. पोट दाबून अंडी काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये; आत अंडे फुटल्यास मृत्यू ओढवतो. पशुवैद्य क्ष-किरण चित्र काढून अंड्यांची स्थिती पाहतात, कॅल्शियम व इतर औषधे देतात आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया करतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गावोगावी आढळत नाही. म्हणून प्राणी सुदृढ असतानाच चौकशी करून नाव व दूरध्वनी लिहून ठेवावा. बिदर, हैदराबाद, आणंद, महू व मुंबई येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत; आपल्या भागातील वाचकांनी प्रथम तेथे विचारावे.

आता सासूबाईंच्या सूचनेविषयी. त्यांचा हेतू दयेचा आहे, परंतु रानात सोडणे ही दया ठरणार नाही. हा सरडा येमेन व नैऋत्य सौदी अरेबियातील डोंगरउतारांवरचा. खानापूरच्या मुसळधार पावसात त्याचा निभाव लागणे कठीण. आणि लागलाच, तर प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेतील फ्लोरिडात आणि हवाई बेटांपैकी माउई येथे सोडलेल्या व निसटलेल्या अशाच सरड्यांनी आपली वस्ती केली असून तेथील किडे व लहान जीव त्यांच्या भक्ष्यस्थानी पडत आहेत. एका मादीच्या एका खेपेस किती अंडी असतात, हे वर सांगितलेच आहे.

याच ओघात कायद्याचीही गोष्ट सांगावयास हवी. आपल्या रानात, कुंपणावर, बाभळीवर जो हिरवा, हळूहळू डुलत चालणारा शॅमेलिऑन दिसतो, तो भारतीय जातीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा होय. मुलांनी त्याला दगड मारणेही थांबले पाहिजे, कारण तो निरुपद्रवी आहे व पिकांवरील कीड खातो. येमेनी जात परदेशी आहे. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते. हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. दिरांकडील कागदपत्रे भगिनींनी अवश्य मागवून घ्यावीत आणि वन खात्याच्या कार्यालयात विचारणा करावी.

घराविषयी. या सरड्याला रुंदीपेक्षा उंची प्रिय. मादीसाठी पिंजरा निदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद व तीन-चार फूट उंच असावा. चारी बाजूंस बारीक जाळी असावी, म्हणजे हवा खेळती राहते. काचेची पेटी टाळावी; तीत हवा कोंडते, आणि स्वतःचे प्रतिबिंब पाहून हा प्राणी ‘दुसरा सरडा आला’ म्हणून सदा धास्तावलेला राहतो. एका पिंजऱ्यात एकच. सोबतीची त्याला गरज नाही. दोन माद्याही एकत्र ठेवू नयेत. आत बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिरप्या फांद्या बांधाव्यात आणि दाट पानांची जिवंत झाडे ठेवावीत. जास्वंद यासाठी उत्तम, कारण ही जात पानेही कुरतडते. कण्हेर, रुई, धोत्रा यांची फांदीसुद्धा आत जाऊ देऊ नये; ती विषारी आहेत. लपावयास पाने नसतील तर सरडा आजारी पडतो. वाळूचा डबा मादीच्या पिंजऱ्यात बारमाही असावा.

ऊब व उजेड यांचे महत्त्व अन्नाइतकेच आहे. पिंजऱ्यात वरच्या एका फांदीवर दिव्याने २७ ते २९ अंश सेल्सियस ऊब मिळावी, खाली त्याहून गार असावे आणि रात्री सर्व दिवे बंद. दिव्याला अंग टेकणार नाही इतके अंतर ठेवावे, नाहीतर पाठ भाजते. याशिवाय अतिनील किरण देणारी खास नळी दिवसाचे बारा तास लागते. त्या किरणांवाचून शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. नळी जळत असली तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण वर्षाने, ती बदलावी. सकाळचे कोवळे ऊन याहूनही चांगले, परंतु ते खिडकीच्या काचेतून उपयोगी नाही, आणि उन्हात ठेवताना अर्धा पिंजरा सावलीत असलाच पाहिजे. ग्वाल्हेर, वडोदरा येथील वाचकांना उलटी काळजी घ्यावी लागेल. मे महिन्यातील चाळीस अंशांपलीकडचा उष्मा या प्राण्याला घातक आहे.

पाणी वाटीत ठेवून भागत नाही. साचलेले पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून कळतच नाही. पानांवरचे दव चाटून तहान भागविण्याची त्याची रीत. सकाळी व संध्याकाळी स्वच्छ फवाऱ्याने पाने भिजवावीत, किंवा तळाशी बारीक भोक पाडलेला डबा वर ठेवून थेंब थेंब पाणी पानांवर पडू द्यावे. मधल्या वेळी पाने कोरडी झाली पाहिजेत, नाहीतर बुरशी येते. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग गर्द पिवळा वा नारिंगी दिसू लागला की पाणी कमी पडते असे समजावे.

अन्न म्हणजे जिवंत किडे : रातकिडे, नाकतोडे, पाळलेली झुरळे, रेशमाच्या अळ्या. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. शेतातून धरून आणलेले किडे देणे स्वस्त खरे, पण ज्या शेतात औषध फवारले असेल तेथील किडा म्हणजे विषाची पुडी. काजवे तर कधीच देऊ नयेत. त्यांच्या अंगात सरड्यांना मारक असे विष असते. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, भोपळा, हिरवा पाला खाऊ घालावा, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच सरड्याला मिळते. बहुतेक वेळी किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यावेत. जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा पुरे.

आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह करून वाढणे! येथे मात्र हात आखडता घेण्यातच माया आहे. वाढीच्या वयात मादीला रोज खाऊ द्यावे. परंतु पूर्ण वाढ झाल्यावर एक दिवसाआड तीन-चार किडे बस्स. अधिक खाणे व अधिक ऊब मिळाली की तिच्या पोटात अंडी अधिक धरतात, आणि प्रत्येक खेप तिच्या हाडांतील कॅल्शियम घेऊन जाते. बेताने वाढविलेली मादी कमी अंडी घालते व अधिक जगते. चांगल्या निगेत तिचे आयुष्य पाचएक वर्षांचे असते.

इतर आजारांची ओळखही असावी. पाय वाकणे, जबडा मऊ होणे, चालताना थरथरणे ही हाडे ठिसूळ होत असल्याची खूण; किरण वा कॅल्शियम कमी पडले आहे. मान वर करून तोंड उघडे ठेवणे, श्वासाबरोबर टकटक आवाज येणे, तोंडाशी चिकट स्राव दिसणे हा फुप्फुसांचा विकार. जीभ बाहेर पडूनही भक्ष्य न धरणे हेही अशक्ततेचे चिन्ह. वर्षातून एकदा विष्ठेची तपासणी करून जंत पाहावेत. प्राण्याला किंवा पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला नावाच्या जंतूंचा संसर्ग माणसास होतो व लहान मुलांना तो जड जातो.

सरड्याचे रंग बदलणे आपण लबाडीचे प्रतीक मानले आहे; वास्तविक ती त्याची बोली आहे. शांत असताना हिरवा, भ्यालेला वा थंडावलेला असताना गडद. येमेनी मादी गाभण झाली की गडद हिरव्या अंगावर निळे व पिवळे ठिपके उमटतात, आणि नराला ‘दूर हो’ असा इशारा मिळतो. आवाज नसलेल्या या जिवाची प्रकृती त्याच्या कातडीवर वाचावयास शिकले पाहिजे. उगाच हातात घेऊन खेळविण्यात त्याला आनंद नाही, फक्त भीती आहे. तो पाहण्याचा सोबती आहे.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो. पिंजऱ्यातल्या सरड्याचे कुंपण आपणच घातलेले असते. म्हणून त्याच्या आतली माती, पाणी, ऊन व सावली पुरविण्याची जबाबदारीही आपलीच. हौसेखातर असा प्राणी नव्याने घरी आणू पाहणाऱ्यांनी दिवे, किडे, पशुवैद्य व पाच वर्षांचा वेळ यांचा हिशेब आधी मांडावा. जुळत नसेल तर न आणणे हेच उत्तम.

पुढील अंकी : पावसाळ्यात शेळ्यांच्या खुरांची काळजी.