आधी तारीख, मग डोंगर
घरचा हिशेब | हिशेबनीस

मार्च लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो: यंदा कुठे जायचं? माझं म्हणणं, हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न कधी जायचं हा. थंड हवेच्या ठिकाणी होणारा खर्च ठिकाणापेक्षा तारखेवर जास्त ठरतो, आणि त्याखालोखाल तिथे पोचल्यावर आपण किती पळापळ करतो यावर. तरी चर्चेला सुरुवात होते ती मनालीपासून.

मग मनालीचाच हिशेब करू. मुंबई-पुण्याहून चंडीगढ गाठायला रेल्वेत एक दिवस आणि एक रात्र सहज जाते. पुढे जवळपास तीनशे किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा वळणांचा. नऊ दिवसांच्या सहलीतले चार दिवस जाण्यायेण्यात जातात आणि उरलेल्या पाचांत सिमला, मनाली आणि मधलं सगळं कोंबलेलं असतं. विमानाने वेळ वाचतो, पण मे महिन्यातलं भाडं पाहून तो विचार बहुतेक घरांत तिथेच थांबतो. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च 2020 मध्ये थांबली, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचंही पूर्ण तिकीट. हिमालय पाहूच नये असं कोण म्हणेल? वर्षभर पैसे बाजूला टाकून, पंधरा दिवसांची रजा काढून एकदा जरूर जावं. पण दर उन्हाळ्याला हिमालय लागत नाही.

उंची वाढली की तापमान उतरतं, दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश. महाबळेश्वर पावणेचौदाशे मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा अकराशेच्या वर. खाली अमरावती चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर भाजत असते तेव्हा चिखलदऱ्याला पाचेक अंश कमी. आकडा लहान वाटतो, पण रात्री कूलरशिवाय झोप लागते, आणि विदर्भातल्या माणसाला मेमध्ये याहून जास्त काय हवं? दुपारी मात्र तिथेही ऊन लागतं, धबधबे कोरडे असतात, डोंगर पिवळट दिसतो. जाहिरातीतला हिरवा फोटो ऑगस्टमधला असतो. हे मनाशी धरून गेलं तर निराशा होत नाही. सकाळी लवकर फिरायचं, दुपारी पत्ते आणि झोप, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं. शिवाय जवळच गाविलगडाचा किल्ला आहे, मेळघाटचं जंगल आहे, आणि महाराष्ट्रात क्वचितच दिसणारी कॉफीची झाडं तिथे पाहता येतात. खानदेशातल्या लोकांनी असाच तोरणमाळचा विचार करावा, कोल्हापूर-सांगलीकरांनी पन्हाळ्याचा. पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटर. एसटीने जाऊन तीन रात्री राहावं आणि किल्ला निवांत पायी पाहावा. एका दुपारी गाडीतून उतरत-चढत त्याचा फडशा पाडू नये.

एसटीचा विषय निघालाच आहे तर एक गणित मांडतो. घरात सहा माणसं आहेत: 76 वर्षांचे आजोबा, 68 वर्षांच्या आजी, नवरा-बायको, दहा आणि सात वर्षांची मुलं. 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे आजोबा फुकट, चौघं अर्ध्या तिकिटात, पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. सहा माणसं तीन तिकिटांत डोंगरावर! आजोबांचं आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, आणि राज्यातलाच डोंगर निवडण्यामागे हेही एक कारण आहे.

मुंबई, ठाणे आणि पुण्याकडच्यांना मात्र माझं पहिलं मत माथेरानला. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी, आणि तिथे मोटारींची हद्द संपते. 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी अजून आहे, पण नेरळपासून वरपर्यंत तिचं तिकीट मिळेलच असं धरून निघू नका. अमन लॉजपासूनची शटल जास्त भरवशाची. नाहीतर रुळांच्या कडेने चालत निघा, पाऊणएक तासात बाजारपेठ येते. दस्तुरीला कोणी ‘गाडी बंद आहे, घोडाच करावा लागेल’ म्हणालं तर आधी तिकीट खिडकीवर जाऊन विचारा. पर्यटकांची अशी दिशाभूल थांबावी म्हणून मार्च 2025 मध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं. पाण्याच्या बाटलीपासून सगळं सामान वर चढवावं लागतं, त्यामुळे वस्तू महाग. पण फिरायला गाडीच करता येत नाही, आणि इतर ठिकाणी कुटुंबाचा खिसा रिकामा होतो तो याच गाडीपायी. वर मोटारी नसल्याने मुलं लाल मातीच्या रस्त्यावर मोकळी सोडता येतात. शहरातल्या किती आईबापांना ही चैन परवडते? फक्त हातातला खाऊ माकडांपासून सांभाळा.

महाबळेश्वरला उलट आहे. तिथे पोचताक्षणी पॉइंटांची यादी पुढे येते आणि आपण सगळे पॉइंट ‘करायचे’ ठरवतो. दोन दिवसांचं टॅक्सीभाडं कधीकधी खोलीच्या भाड्याशी स्पर्धा करतं. वास्तविक बॉम्बे पॉइंट बाजारातून पायी जाण्यासारखा आहे. सूर्यास्त तिथे पाहिला की पुन्हा तोच सूर्यास्त आणखी चार कड्यांवरून पाहायची गरज नाही.

आता तारीख. एप्रिलअखेरीस परीक्षा संपल्या की मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत सगळा महाराष्ट्र एकदम घाट चढतो. शनिवार-रविवारी खोलीचे दर दुप्पट ऐकायला मिळतात. शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहूनही उशिरा. म्हणजे मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला यांना सुट्टी असूनही गर्दी ओसरलेली असते. सोमवारी चढून गुरुवारी उतरा. पावसाची जोखीम आहे, 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजीच मुंबईत पोचला होता. पण पहिल्या पावसातल्या डोंगरावर भिजायला मुलांची तक्रार नसते, आणि भंडारदऱ्याकडे जात असाल तर याच दिवसांत रात्री झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: दर जेवण धरून की वगळून, जादा गादीचे किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि मेमध्ये पाण्याची टंचाई असते का. या शेवटच्या प्रश्नाला ‘छे हो’ असं झटपट उत्तर आलं तर दुसरीकडेही फोन करा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, बिल त्या हिशेबाने तपासा. एमटीडीसीची निवासस्थानं आधीपासून पाहून ठेवावीत. मोक्याच्या जागा त्यांच्याकडे आहेत. सेवेबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नका.

एक मागणी एसटी महामंडळाकडे. महिलांना अर्धं तिकीट दिलंत, ज्येष्ठांना मोफत प्रवास दिलात. आता 1 मे ते 15 जून या काळात जिल्ह्याच्या गावांहून जवळच्या डोंगरावर सकाळी एक थेट बस सोडा आणि तिचं आरक्षण मार्चमध्येच खुलं करा. दोन ठिकाणी बस बदलून, पिशव्या आणि झोपलेलं पोर सांभाळत घाट चढायची वेळ आली की सवलत असूनही माणूस खासगी गाडीच करतो.