आरोग्य आणि आपण : आजी विसरते तेव्हा

घरातील म्हातारे माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले की आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. कोणी 'वेड लागले' असेही म्हणते. हे दोन्ही चूक आहे. आठवण पूर्वीपेक्षा निश्चित कमी झाली आहे, पण स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब अजून स्वतः जमतो, अशा मधल्या अवस्थेला सौम्य स्मृतिदोष म्हणतात. यातील काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही वर्षानुवर्षे तसेच राहतात, काही सुधारतातही.

जर्मनीतील डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत स्त्रीच्या मेंदूतील विकृत साठ्यांची माहिती दिली. ते साठे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुढे कळले. जिवंत माणसात ते दाखवणारे द्रव्य अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झाले आणि २००२ साली स्वीडनमधील उप्साला येथे ते रुग्णाला प्रथम दिले गेले. शिरेतून दिलेले हे किंचित किरणोत्सारी द्रव्य साठ्यांना चिकटते व पेट स्कॅनमध्ये दिसते.

दुसऱ्या प्रकारच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे द्रव्य देतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के खातो. जो भाग मंदावला तो साखर कमी घेतो. साठेही आहेत आणि साखरेचा वापरही घटला आहे, अशा रुग्णाला पुढे अल्झायमरचा धोका अधिक. मात्र कसलीही तक्रार नसलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही साठे सापडतात. म्हणून एकट्या स्कॅनवरून निकाल लावता येत नाही.

हा स्कॅन महागडा आहे. तेव्हा कर्ज काढून तिकडे धावण्याआधी सरकारी दवाखान्यात जावे. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. ऐकू कमी येणे, मनाची उदासी, दारू, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो आणि वेळीच उपाय केल्यास पुष्कळदा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यात लहानपणी शिक्षण कमी मिळणे हे एक आहे. शिकलेला मेंदू झीज अधिक काळ सोसतो. आपल्या कितीतरी आज्यांना जातीने शाळेची पायरी चढू दिली नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाचा जो आग्रह धरला, त्याचा लाभ असा म्हातारपणापर्यंत पोहोचतो.

म्हणूनच तपासणीच्या वेळी आजी किती शिकली हे डॉक्टरांना आधी सांगा. स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत वाक्य लिहायला किंवा शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. जिच्या हाती पाटी कधी आलीच नाही, तिला ते जमले नाही म्हणून तिची आठवण गेली असे ठरत नाही. घरात मात्र तिला चारचौघांत हसू नका. विहारात, बायकांच्या बैठकीत तिला सोबत न्या. एकटेपणा हेही त्या १४ कारणांपैकी एक आहे आणि तो दूर करायला पैसा लागत नाही.