जटायूचे ऋण

पंचवटीत रामकुंडावर पिंड ठेवला की सारे घर कावळ्याची वाट पाहते. तो शिवला की पितर तृप्त झाले, ही श्रद्धा. सीतेसाठी रावणाशी लढलेला जटायू इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे कोसळला, असेही लोक मानतात. जटायू म्हणजे गिधाड. पण गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि जटायूचा वंश झपाट्याने घटला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ज्या पाखरांना परंपरेने पितरांचा आणि वीराचा मान दिला, त्यांना जगवणे हाच खरा श्रद्धेचा आचार. वाचकहो, आपल्या गावातील पक्ष्यांविषयीच्या समजुती वडीलधाऱ्यांकडून ऐकून आम्हाला लिहून पाठवा. आणि पक्ष्यांची घरटी असलेली झाडे राखा.