गाडी कोणी थांबवावी?

पहूरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता वाघूर नदीच्या खोऱ्यातून जातो. वाकोद मागे पडले की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेले काळ्या बेसाल्टचे डोंगर समोर उभे राहतात. मार्चअखेर गवत वाळलेले, मध्येच एखादा पळस पेटलेला आणि माळावर मेंढ्यांचे कळप. हे रूक्ष सौंदर्य आईवडिलांना दाखवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हा काळा कातळ दुपारी भट्टीसारखा तापतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत लेणी पाहून परतणारे एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशींना गाडीतून उतरताच भोवळ आली होती. जीभ कोरडी, नाडी जलद. उठून बसताच रक्तदाब घसरत होता. सकाळच्या चहानंतर त्यांनी पाणी घेतलेच नव्हते. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी मात्र नियमाने घेतली होती. "आम्ही पाणी विचारत होतो, त्या नको म्हणत होत्या," सूनबाई म्हणाल्या. तासाभराने, जलसंजीवनी पोटात गेल्यावर, मावशी हळूच बोलल्या, "सारखी गाडी थांबव म्हणून पोराला कसं सांगू, डॉक्टर?"

वाचकहो, वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते आणि पाणी राखण्याची मूत्रपिंडांची क्षमताही घटते. त्यात हा संकोच मिसळला की शरीर सुकत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ज्येष्ठांनी सांगण्याची वाट न पाहता चालकानेच दर तास-दीड तासाने गाडी थांबवावी. स्वच्छतागृह कोठे आहे हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. पाच मिनिटे चालल्याने पायांतील रक्त साकळण्याचा धोकाही कमी होतो. पाणी घोटघोट, ठरावीक वेळाने द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवीची गोळी स्वतःहून बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आधी विचारावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

लेणी सोमवारी बंद असतात. फर्दापूरजवळ खासगी गाडी ठेवून पुढे बसने जावे लागते आणि तेथून पायऱ्या आहेत. तेव्हा पहाटे निघावे आणि गरज वाटल्यास डोली करावी. त्यात कमीपणा नाही. बोलण्यात असंबद्धता, अंग तापलेले वा शुद्ध हरपत असल्यास पाणी पाजत बसू नका. सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा.

माळावरचा मेंढपाळ कळपाला तहान लागली का, असे विचारत नाही. वेळ झाली की पाणवठ्याकडे वळवतो. आपणही आईला "थांबू का?" असे विचारू नये. गाडी थांबवून "चल, जरा पाय मोकळे करू," एवढेच म्हणावे.